पुरानंतर पुन्हा हातोडी: साध्या सामानावर सुऱ्या घडवणं सुरू केलंय, पण...

ऐरणीवरचा

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२०१९ पासून मी सुऱ्या घडवतो. पोट नोकरीवर आहे, हे फक्त शनिवार-रविवार. सुरुवात अंगणातल्या खड्ड्यात कोळसे पेटवून केली होती. मग हौस वाढत गेली आणि दोन हॉर्सपॉवरच्या मोटरचा बेल्ट ग्राइंडर आला, गॅसची भट्टी आली, पाणी देण्यासाठी (पातं तापवून, बुडवून कडक करण्यासाठी) तापमान दाखवणारी छोटी इलेक्ट्रिक भट्टी आली. एक खोली भाड्यानं घेतली, तळमजल्यावर, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी रस्त्यावर आली. मी सकाळी पोचलो तेव्हा पाणी शटरच्या अर्ध्यावर होतं. दुसऱ्या दिवशी आत शिरलो. मोटर चिखलानं भरलेली, तिचा वेग कमीजास्त करणारा डबा गेलेला, इलेक्ट्रिक भट्टीच्या विटा भिजल्या बिस्किटासारख्या हातात येत होत्या. दिवाळीच्या ऑर्डरच्या अकरा सुऱ्या तयार होत्या, त्यांच्यावर तांबूस साय धरली होती. ॲडव्हान्स परत केले, खोली सोडली. ज्याला वायर होती ते सगळं गेलं. हातोडी, सांडशी, छन्नी, कानशी तेवढ्या उरल्या. त्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या आणि दीड वर्ष तिकडे पाहिलंही नाही.

या मार्चमध्ये आईची पावशी (विळी) बोथट झाली म्हणून कानस शोधायला पोतं खाली काढलं, आणि किडा पुन्हा चावला. आता सामान असं: दोन पौंडी हातोडी, बाभळीच्या ओंडक्यात रोवलेलं जुन्या घणाचं डोकं (हीच ऐरण), जमिनीत खड्डा, त्यात लोखंडी नळी, नळीला बायकोचा जुना हेअर ड्रायर. कोळसा इस्त्रीवाल्यांना जो मिळतो तोच, लाकडी.

तीन सुऱ्या केल्या. पहिली जळली, टोकाशी अक्षरशः फुलबाजी उडाली. दुसरी पाणी देताना केळीसारखी वाकली. तिसरी छान जमली होती. तेलात बुडवली आणि 'टिण्' असा बारीक आवाज आला. ज्यानं तो ऐकलाय त्याला कळेल. पुसून पाहिली तर काही दिसेना. परत पुसली. दोन मिनिटांनी धारेपासून वर एक केसाएवढी काळी रेघ उमटली, आतलं तेल झिरपत होतं. मी तिथेच खाली बसलो.

दोन प्रश्न आहेत. एक, ही का तडकली? दुसरा, असं साध्या सामानावर रेटत राहण्यात अर्थ आहे, की कर्ज काढून सरळ ग्राइंडर घ्यावा आणि मगच हात घालावा?

वऱ्हाडी ठेचा

मे महिन्यात नागपुरात पंचेचाळीस डिग्रीत भट्टी पेटवून राहिला तू? भाऊ, लोखंड उंबऱ्यावर ठेवलं असतं तरी लाल झालं असतं. काऊन उगा कोळसा जाळतं बे.

संत्रामोसंबी

वाचतोय. हेअर ड्रायरबद्दल घरून काय प्रतिक्रिया आली तेही लिहा, तो भाग वगळलेला दिसतो.

पावशी

तडकण्याचं मला कळत नाही, पण तुमच्यासारख्या हौशी लोकांच्या तीन सुऱ्या माझ्या घरात आहेत (दोन भेट, एक विकत), म्हणून बोलते. सगळ्या दिसायला देखण्या. मूठ शिसमाची, पितळी खिळे, पात्यावर नक्षी. आणि कांदा चिरायला घेतला की कांदा चिरत नाही, फाटतो! गाजर तर 'टक्' करून दोन तुकडे होऊन ओट्याखाली जातं. कारण पातं कुऱ्हाडीसारखं जाड. माझ्या आजीची पावशी इतवारीतून आणलेली, कुणा लोहारानं दहा मिनिटांत केली असेल. चाळीस वर्षांत निम्मी झिजली पण अजून कोथिंबीर अशी कापते की काळी पडत नाही. तेव्हा ग्राइंडर घ्या की हातानं करा, पातळ करा एवढंच म्हणणं.

कार्बन पॉइंट सहा

ऐरणीवरचा, मी बावीस वर्षं एमआयडीसीत उष्णता प्रक्रियेच्या खात्यात काढली. अंदाजानं उत्तर देत नाही, आधी माहिती द्या. लोखंड कुठलं होतं? तेल कुठलं आणि किती गरम? बुडवली किती वाजता? आणि ती तडकलेली सुरी अजून असेल तर व्हाइसमध्ये धरून मोडा. हो, मोडाच. मोडल्या जागेचा फोटो टाका. ज्या पात्याचा जीव गेलाय त्याचं एवढंच काम उरलेलं असतं.

मोडल्यावर रंग बघा. तडा जिथे होता तो भाग काळा, खपलीचा दिसला तर भेग पाणी देण्याआधीपासूनच होती. स्वच्छ करडा असेल तर पाणी देताना गेली. आणि दाणा, म्हणजे पोलादाचे कण, बघा. बारीक, राखेसारखा मऊ दिसला तर ठीक. चमचमता दिसला तर तापवण्यात चूक आहे.

सदाशिव पेठ सोडलेला

माझं स्पष्ट मत, राग नसावा. तुम्ही नोकरी करता. एका सुरीला कानशीनं घासायला चार संध्याकाळी लागतात, ग्राइंडरवर चाळीस मिनिटं. ग्राइंडर साठ-सत्तर हजाराला येत असेल. तुमच्या संध्याकाळीची किंमत लावा आणि हिशोब करा. 'साधेपणा' वगैरे ठीक, पण आपण २०१९ मध्ये जिथे होतो तिथे परत जाणं म्हणजे प्रगती नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

@सदाशिव पेठ, माणसानं संध्याकाळीची किंमत लावली तर तो या फोरमवर कशाला येईल भाऊ :)

सदाशिव पेठ सोडलेला

हा मुद्दा मान्य.

ऐरणीवरचा

@कार्बन, लोखंड ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा, वाडीच्या एका कबाडीकडून. तेल गाडीचं जळकं, गरम केलं नव्हतं (उन्हात डबा ठेवलेला, तसाच). वेळ दुपारी चारची, अंगणात. लाल झालं, चुंबक चिकटेना, तरी खात्री वाटेना म्हणून अजून थोडं तापवलं आणि बुडवलं.

आत्ताच मोडली. फोटो जोडलाय. तडा स्वच्छ करडा आहे. पण दाणा... रवा, सरळ जाडा रवा.

@संत्रामोसंबी, नवीन हेअर ड्रायर आणून दिलाय. विषय संपला.

कार्बन पॉइंट सहा

फोटो पाहिला. जाडा रवा बरोबर शब्द आहे, उपम्याचा. नीट पाणी दिलेल्या पाट्याचा दाणा मैद्यासारखा दिसायला हवा, डोळ्यांना कण जाणवता कामा नये.

कारण तुम्हीच लिहिलंय: दुपारी चार, अंगण, मे महिना. अहो, त्या उजेडात तुम्हाला लोखंडाचा रंग दिसलाच नाही. भर उन्हात जे 'जरा लालसर' वाटतं ते अंधारात बघाल तर नारिंगीच्या पुढे गेलेलं असतं. चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतो. तिथून वर थोडंच जायचं असतं, एखादी छटा. तुम्ही खात्री वाटेना म्हणून चढवत गेलात आणि उजेडानं फसवलं. जास्त तापलं की दाणा वाढतो, वाढलेल्या दाण्याचं पोलाद ठिसूळ होतं, मग तेलातला धक्का सोसत नाही. पहिल्या सुरीची फुलबाजीही त्यातलीच, तिथे पोलाद जळायलाच लागलं होतं.

तुमच्या इलेक्ट्रिक भट्टीवर आकडा दिसायचा, म्हणून डोळ्याला हे शिकायची गरजच पडली नाही.

जुना हात

वरचा प्रतिसाद वाचून कसंतरी झालं. सांगतो का ते.

आमचं घर उमरेडच्या बाजूचं, लोहाराचं. बाबा पास (वखराचं पातं) शेवटायचे, म्हणजे ठोकून पुन्हा धारेला आणायचे, तसंच कुऱ्हाडी, विळे, डवऱ्याच्या पाती. पोळ्याच्या आधी आणि पेरणीच्या आधी दारात रांग. नगदी कमी, दाणेच जास्त यायचे. आमचं भट्टीचं छप्पर इतकं बुटकं होतं की मोठ्या माणसाला वाकून यावं लागे, आणि तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, वर काजळी. दिवसासुद्धा आत अंधार. मी शाळेत जायला लागलो तेव्हा मला त्या अंधाराची लाज वाटायची. मास्तरांची पोरं बाहेरून डोकवायची आणि काही दिसत नाही म्हणून निघून जायची. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून बाबांना वर पारदर्शक पत्रा टाकून दिला. उजेड आला. बाबा काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी गेलो तर त्या पत्र्यावर आतून पोतं बांधलेलं. मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

आज हा धागा वाचून कळलं. पस्तीस वर्षांनी.

वऱ्हाडी ठेचा

@जुना हात 🙏 यावर मस्करी सुचत नाही.

पावशी

पोतं बांधलं पण मुलाला बोलले नाहीत. असे वडील.

हिंगणा रोड

अवांतर आहे, पण विषय लोहाराचा निघाला म्हणून. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला उत्खननात लोखंड गाळायच्या भट्टीचे अवशेष मिळालेत, भात्याच्या मातीच्या नळ्यांसकट. महापाषाण काळातले, म्हणजे अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट-खापा अशी शिळावर्तुळं (दफनांभोवती रचलेले दगडांचे गोल) विखुरलीत आणि त्या दफनांत लोखंडी सुऱ्या, खंजीर, कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम निघालेत. जुनापाणी तर शहरापासून इतकं जवळ की लोक काटोल रोडनं रोज बाजूनं जातात आणि दगडांकडे पाहतही नाहीत. तेव्हा ऐरणीवरचा, तुम्ही २०१९ ला परत गेलात असं कुणी म्हणत असेल तर सांगा, थोडं अजून मागे गेलोय.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे हेअर ड्रायर सोडला तर अडीच हजार वर्षांत काही बदललं नाही!

संत्रामोसंबी

ऐरणीसाठी रेल्वे रुळाचा तुकडा का नाही घेत? सगळे व्हिडिओवाले तोच वापरतात.

काळा कोट

रुळाच्या तुकड्याबद्दल सावध. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या स्वतंत्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि 'कबाडीनं दिला' हे उत्तर पुरत नाही. लिलावातल्या भंगाराची पावती असेल तर गोष्ट वेगळी. रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या त्या वाकड्या क्लिपा भंगारात दिसतात, त्यांनाही हेच लागू. घणाचं डोकं उत्तम आहे, त्याच्यावरून कुणी विचारणार नाही.

आणि विकणार असाल तर: शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, त्यातून घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारं वगळलेली आहेत. भाजीची सुरी भाजीच्या सुरीसारखी दिसू द्या. खंजिरासारखी दुधारी काही करून त्याला 'किचन नाइफ' म्हणू नका. आणि इन्स्टाग्रामवर हातात धरून पोज देऊ नका, एवढं केलं तरी निम्मे त्रास टळतात.

सदाशिव पेठ सोडलेला

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. कार्बन यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ माझ्या बाजूनं निघतो. आकडा दाखवणारी भट्टी असती तर सुरी तडकली नसती. मग उपकरण घेणं बरोबर की नाही?

कार्बन पॉइंट सहा

निघतो आणि नाहीही. कारखान्यात मी आकड्याशिवाय एक तुकडाही सोडला नसता. पण ह्यांच्याकडे तीच भट्टी होती आणि पाण्यात गेली. आता हातात काय आहे? अंधार आणि चुंबक. स्पीकरचं चुंबक फुकट मिळतं, अंधार तर रोज संध्याकाळी येतोच. रात्री आठनंतर करा. बल्ब बंद, फक्त कोळशाचा उजेड. चुंबक सुटलेल्या क्षणी रंग डोळ्यात साठवा. नीट पाहिलंत तर तापताना एक सावली पात्यावरून सरकताना दिसते, ती सरकून गेली आणि रंग सारखा झाला की तीच वेळ. हे भर दुपारी कुणालाही दिसत नाही, मलाही नाही.

आणि बुडवायच्या आधी तीन वेळा तापवून हवेत गार होऊ द्या, दर वेळी थोडं कमी तापवून. ठोकताना वाढलेला दाणा त्यानं परत बारीक होतो. दुसरी सुरी वाकली तीही बहुतेक याच कारणानं, ठोकण्यातला ताण आत राहिला होता. तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत गरम करा. गार तेल घट्ट असतं, उष्णता ओढत नाही. जळकं ऑइल नको, धूर विषारी असतो आणि वास तर आठ दिवस जात नाही. सोयाबीन तेल चालतं.

अजून एक. जुना पाटा म्हणजे लाखभर किलोमीटर वाकवून-वाकवून थकलेलं लोखंड. त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. पाटे बनवणाऱ्यांकडे नव्या पट्टीचे उरलेले तुकडे मिळतात, वजनावर. आपल्याकडे बहुतेक सिलिकॉन-मँगनीजवाली पट्टी असते, कार्बन अर्धा ते पॉइंट सहा टक्के. (आता माझं नाव कळलं असेल.)

वऱ्हाडी ठेचा

सोयाबीन तेल पन्नास डिग्री गरम करायचं म्हणजे मे मध्ये डबा गच्चीवर ठेवा, जून लागला की मग गॅसवर.

कामठी लाइन

एक सुरक्षिततेची गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून. ती नळी जमिनीतली, ती जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी नाही ना? जस्त तापलं की पांढरा धूर सोडतं, त्यानं रात्री सडकून ताप भरतो, छाती आवळते. माझ्या मामेभावाला झालं होतं, आम्हाला वाटलं मलेरिया. काळी नळी वापरा. नायलॉनचे कपडे नकोत, सुती घाला. बंद खोलीत कोळसा पेटवू नका, पावसाळ्यात मोह होईल, तरी नको. आणि मुठीला जवसाचं तेल लावणार असाल तर त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

ऐरणीवरचा

@कामठी लाइन, नळी पांढरीच होती. आजच बदलतो. मागच्या महिन्यात दोन दिवस अंग दुखत होतं, मी उन्हाचं समजलो.

पावशी

देवा.

रविनगरची गच्ची

मला ह्या धाग्यावर एक गोष्ट खटकते. हातानं केलं म्हणजे शुद्ध, मशीननं केलं म्हणजे आत्मा गेला, असा सूर हळूहळू लागतोय. जुना हात यांची गोष्ट सुंदर आहे, पण...

जुना हात

@रविनगरची गच्ची, मी तसं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. माझ्या बाबांचा उजवा खांदा पन्नासाव्या वर्षी गेला. हात डोक्यावर नेऊन टोपी घालता यायची नाही, आई घालून द्यायची. आई भाता ओढायची, तिचा दमा त्या धुराचा. बाबांना कुणी पॉवर हॅमर दिला असता तर त्यांनी त्याची पूजा केली असती, खरंच, दसऱ्याला फुलं वाहिली असती. हातानं करण्यात पवित्र काही नाही. हौसेला आणि पोटाला एकच माप लावू नये.

ऐरणीवरचा यांना एकच सांगेन. हातोडी खांद्यातून उचलू नका, ती पडू द्या. आणि मूठ आवळून धरू नका, ठोका बसताना सैल ठेवा. कोपर दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा. बाबा थांबू शकत नव्हते, तुम्ही थांबू शकता.

बाबांना पात्याला पाणी पाजायचं असेल तर ते फक्त संध्याकाळी करायचे. दिवेलागणीला. आम्ही समजायचो, दिवसभर ठोकाठोकी आटोपली की उरलेलं काम म्हणून.

रविनगरची गच्ची

सॉरी, अर्धवट वाचून लिहिलं. मुद्दा मागे.

संत्रामोसंबी

बुडवल्यानंतर ते ओव्हनमध्ये ठेवायचं असतं ना? एका व्हिडिओत पाहिलं. केकच्या ओव्हनमध्ये?

कार्बन पॉइंट सहा

हो. पाणी दिल्यावर पातं काचेसारखं असतं, फरशीवर पडलं तर दोन तुकडे. तासाभराच्या आत २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. कानस घसरायला हवी, पण धार खपली होऊन निघता कामा नये. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट पिवळा रंग येतो, वाळलेल्या कडब्यासारखा. निळा आला तर जास्त झालं. घरगुती ओटीजीचा आकडा भरवशाचा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि तेल पूर्ण पुसून ठेवा, नाहीतर पुढचे सहा महिने नानकटाईला सोयाबीनचा वास.

वऱ्हाडी ठेचा

हेअर ड्रायर गेला, आता ओटीजी. वहिनींना या धाग्याची लिंक पाठवू का?

ऐरणीवरचा

नको.

ऐरणीवरचा

तीन आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढतो.

नवी पट्टी आणली, काळी नळी टाकली. ठोकायला दोन रविवार गेले. या वेळी एक गोष्ट लक्षात आली. ग्राइंडर होता तेव्हा मी ठोकायचो ढोबळ, जाड ठेवायचो, बाकी बेल्ट खाऊन टाकायचा. आता जे हातोडीनं झालं नाही ते मला कानशीनं करावं लागतं, म्हणून हातोडीचा प्रत्येक ठोका मोजून मारतोय. दुसऱ्या रविवारी पातं इतकं सरळ उतरलं की कानशीचं काम दोन संध्याकाळींत झालं. चार नाही. (@सदाशिव पेठ, हिशोबात दुरुस्ती करा.) कानशीचे आडवे ओरखडे धारेकडे राहू दिले नाहीत, शेवटी लांबीच्या दिशेनं कानस ओढून मग पेपर मारला.

शुक्रवारी रात्री साडेनऊला अंगणातला बल्ब काढला. शेजारचे काका म्हणाले लाइट गेले का, म्हटलं हो. तीनदा तापवून गार केली. चौथ्यांदा तापवताना ती सावली दिसली. खरंच दिसते. टोकाकडून मुठीकडे ढगाची सावली शेतावरून सरकावी तशी गेली, आणि मागे एकसारखा रंग राहिला, पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी पाच वर्षं सुऱ्या करतोय आणि हे पहिल्यांदा पाहिलं. तोवर आकड्याकडे बघत होतो.

बुडवली. कान लावून बसलो. फक्त तेलाचा आवाज. पुसली, पुन्हा पुसली, दहा मिनिटं टॉर्च लावून बघत बसलो. रेघ नाही. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली.

सोबत त्याच पट्टीचा एक छोटा तुकडाही तसाच तापवून बुडवला होता, तो मोडला. फोटो टाकलाय. मैदा नाही म्हणणार, पण बारीक रवा नक्की.

कार्बन पॉइंट सहा

फोटो बघितला. मैदाच आहे. जवळून काढल्यामुळे रवा वाटतो. शाब्बास.

जुना हात

मूठ कशाची करणार? धावड्याचं लाकूड मिळालं तर बघा, आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा त्याचाच. फुटत नाही, हाताला गरम लागत नाही. वखारीतून पावतीनं घ्या.

सदाशिव पेठ सोडलेला

हिशोब दुरुस्त केला. तरी ग्राइंडर घ्याच असं म्हणतो, पण आता घाई नाही.

ऐरणीवरचा

@जुना हात, धावडाच बघतो. @सदाशिव पेठ, दिवाळीपर्यंत कर्ज नाही असं ठरवलंय, पुढचं पुढे. आणि घेतला तर पहिल्या मजल्यावर.

आईला दाखवली, पाच इंची, भाजीची. तिनं अंगठ्यानं धार पाहिली आणि म्हणाली, बरी आहे, पण पावशीची सर नाही.

पावशी

आईंना माझा नमस्कार सांगा. धारेच्या मागे जाडी किती ठेवलीय?

ऐरणीवरचा

०.६ मिलिमीटर.

पावशी

अजून घासा.